नवी आवृत्ती टाकली की अ‍ॅड-ऑन बंद पडतात? आधी प्रोफाइल बघा

फायरफॉक्स हा ब्राउझर, थंडरबर्ड हा मेलचा कार्यक्रम, लिब्रेऑफिस हा दस्तऐवजांचा संच; अ‍ॅड-ऑन म्हणजे त्यांना वरून जोडायची छोटी साधने, आणि बीटा म्हणजे चाचणीची आवृत्ती. त्यांच्याबद्दलची तक्रार दर महिन्याला येते, फक्त माणूस बदलतो. "फायरफॉक्सची बीटा टाकून बघितली, पटली नाही म्हणून परत जुनी टाकली, आता ती उघडतच नाही." "थंडरबर्ड अपडेट झाला आणि निम्मी अ‍ॅड-ऑन राखाडी पडली." "लिब्रेऑफिसची नवी आवृत्ती आल्यापासून माझ्या टूलबारची पार वाट लागली." हे सांगेपर्यंत बहुतेकांनी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकण्याचा सपाटा लावलेला असतो. त्याने सहसा काही फरक पडत नाही. बिघाड बहुधा प्रोफाइलमध्ये असतो, आणि सॉफ्टवेअर काढून टाकले तरी प्रोफाइल जागच्या जागी राहते.

सॉफ्टवेअर एका फोल्डरात बसते. तुमचे बुकमार्क, पासवर्ड, अ‍ॅड-ऑन, त्या अ‍ॅड-ऑनच्या सेटिंग आणि खिडकीची मांडणी दुसऱ्याच फोल्डरात असते: विंडोजवर अ‍ॅपडेटामध्ये, लिनक्सवर होम फोल्डरातल्या लपवलेल्या फोल्डरात. हेच ते प्रोफाइल. नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडली की ती या दुसऱ्या फोल्डरातल्या फायली आपल्या सोयीच्या रचनेत बदलून घेते. जुन्या आवृत्तीला ती नवी रचना कळत नाही. वरच्या तिन्ही तक्रारींचा तपास या एका गोष्टीपासून सुरू करा.

परत फिरताना वाट अडते तेव्हा

फायरफॉक्सने 2019च्या मे महिन्यात, 67व्या आवृत्तीपासून दोन बदल केले. प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतःचे वेगळे प्रोफाइल मिळू लागले. आणि नव्या आवृत्तीने हाताळलेले प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडायला गेलात, तर "तुम्ही जुनी आवृत्ती सुरू केली आहे" असे सांगून ती दोनच पर्याय देऊ लागली: नवे प्रोफाइल तयार करा, नाहीतर बाहेर पडा. लोक हा संदेश पाहून घाबरतात. पण इतिहास आणि बुकमार्कचा डेटाबेस खराब होऊ नये म्हणूनच तो आहे.

मग प्रत्येक इन्स्टॉलेशनचे प्रोफाइल वेगळे असूनही अडचण का येते? कारण विंडोजवर बीटा आणि नेहमीची आवृत्ती एकाच फोल्डरात बसतात. नाइटली (रोज बनणारी कच्ची आवृत्ती) आणि डेव्हलपर एडिशन यांचे फोल्डर आपोआप वेगळे असतात, बीटाचा नसतो. बीटा टाकली की ती नेहमीच्या आवृत्तीच्या जागी बसते आणि तिचेच प्रोफाइल उघडते. त्यामुळे "जरा चव घेऊन बघतो" म्हणणाऱ्याने बीटाऐवजी डेव्हलपर एडिशन घ्यावी. तीही बीटाच्याच शाखेवरून बनते, आणि तुमच्या रोजच्या ब्राउझरला हात लावत नाही.

आधीच अडकला असाल तर सर्वांत सुरक्षित वाट पुढे जाण्याची आहे, मागे येण्याची नाही. बीटा पुन्हा टाका, तिच्यातच काम चालू ठेवा आणि थांबा. फायरफॉक्सची नवी आवृत्ती साधारण दर 4 आठवड्यांनी येते. बीटाचा जो क्रमांक तुमच्याकडे आहे, त्याच क्रमांकाची पक्की आवृत्ती आली की ती टाका. तेच प्रोफाइल बिनतक्रार उघडेल. एकही बुकमार्क जाणार नाही.

तेवढे थांबवत नसेल तर नवे प्रोफाइल करा आणि त्यात जुन्यातून निवडक गोष्टी आणा. जुन्या प्रोफाइल फोल्डरात बुकमार्कबॅकअप्स नावाचा उपफोल्डर असतो, त्यात फायरफॉक्सने वेळोवेळी स्वतःहून काढलेल्या प्रती असतात. बुकमार्कच्या लायब्ररीतून रिस्टोअर निवडून त्यांतली एक द्या. पासवर्डसाठी लॉगिन्स.जेसन आणि की4.डीबी या दोन्ही फायली फायरफॉक्स बंद असताना सोबतच उचलायच्या. एकटी फाइल कुलूप नसलेल्या किल्लीसारखी निरुपयोगी. जुन्या आवृत्तीला नव्या आवृत्तीने बदललेले प्रोफाइल जबरदस्तीने उघडायला लावणारा, डाउनग्रेडची परवानगी देणारा एक स्विचही आहे. तो आधी प्रोफाइलची प्रत काढल्याशिवाय वापरू नका, आणि प्रत काढली असली तरी शेवटचा उपाय म्हणूनच वापरा.

"सगळेच गेले!"

ब्राउझर उघडला, पण कोरा करकरीत. बुकमार्क नाहीत, अ‍ॅड-ऑन नाहीत. दहापैकी नऊ वेळा काहीच गेलेले नसते. तुम्ही फक्त दुसऱ्या प्रोफाइलमध्ये उभे असता. इन्स्टॉलेशनचा मार्ग बदलला की फायरफॉक्स त्याला नवे इन्स्टॉलेशन समजतो. लिनक्सवर हे सर्रास होते. डिस्ट्रोच्या (उबुंटूसारख्या लिनक्स प्रकाराच्या) पॅकेजमधला फायरफॉक्स वापरत होतात आणि आता संकेतस्थळावरून संकुचित फाइल उतरवून होम फोल्डरात सोडलीत, की नवे प्रोफाइल.

स्नॅप आणि फ्लॅटपॅक, म्हणजे लिनक्सवर सॉफ्टवेअर बंदिस्त डब्यात देण्याच्या पद्धती, यांची तऱ्हा आणखी वेगळी. उबुंटूने 22.04पासून फायरफॉक्स फक्त स्नॅप स्वरूपात द्यायला सुरुवात केली, आणि स्नॅपचे प्रोफाइल होममधल्या स्नॅप फोल्डरात राहते. फ्लॅटपॅकचे प्रोफाइल डॉट व्हार या लपवलेल्या फोल्डरात असते. त्यात 2024च्या जानेवारीपासून फायरफॉक्स बनवणारी मोझिला स्वतः डेब (उबुंटू-डेबियनच्या नेहमीच्या स्वरूपातले) पॅकेजही देऊ लागली, त्याचे प्रोफाइल, आधीपासूनचे असेल तर, पुन्हा जुन्या ठिकाणी, डॉट मोझिलामध्ये. म्हणजे एकाच यंत्रावर तीन फायरफॉक्स आणि तीन संसार. आपण कुठे उभे आहोत ते कळायला पत्त्याच्या चौकटीत अबाउट:प्रोफाइल्स लिहा (अर्थात रोमन अक्षरांत). चालू प्रोफाइल कोणते आणि त्याचा फोल्डर कुठे आहे, हे तिथे दिसते. स्नॅप व फ्लॅटपॅक मात्र आपापल्या कुंपणातलेच दाखवतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत फाइल मॅनेजरमध्ये लपवलेले फोल्डर दिसतील असे करून स्वतःच शोधावे लागते.

सिंक (यंत्रायंत्रांतला डेटा जुळवून ठेवणारी सोय) चालू असेल तर अ‍ॅड-ऑन नव्या प्रोफाइलमध्येही येतात, पण त्यांच्या सेटिंग येतीलच असे नाही. बहुतेक अ‍ॅड-ऑन आपला डेटा प्रोफाइलमध्येच ठेवतात. जाहिराती रोखणाऱ्या यूब्लॉक ओरिजिनमध्ये सेटिंग फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय आहे, स्क्रिप्ट चालवणाऱ्या अ‍ॅड-ऑनमध्येही ती असते. नवी आवृत्ती टाकण्याआधी पाच मिनिटे काढून या फायली घेऊन ठेवा. आणि चाचणीच्या प्रोफाइलमध्ये सिंक लावू नका. तिथे सहज म्हणून उडवलेले बुकमार्क तुमच्या रोजच्या प्रोफाइलमधूनही उडतील.

अ‍ॅड-ऑन आहे, पण चालत नाही

प्रोफाइल बरोबर आहे, अ‍ॅड-ऑनही यादीत आहे, तरी काम करत नाही. इथे लोक सगळा दोष नव्या आवृत्तीवर टाकतात. आधी अ‍ॅड-ऑनच्या तपशिलात "शेवटचे अपडेट" कधीचे आहे ते बघा. अ‍ॅड-ऑन ब्राउझरपासून स्वतंत्रपणे, गुपचूप अपडेट होतात. ब्राउझर सोमवारी आणि अ‍ॅड-ऑन मंगळवारी बदलले असेल, तर संशय मंगळवारवर घ्यायचा. अ‍ॅड-ऑनच्या पानावर सगळ्या आवृत्त्यांची यादी असते. मागची टाका, आणि त्या एका अ‍ॅड-ऑनचे आपोआप अपडेट बंद करा. नाहीतर ते लगेच परत नव्या आवृत्तीवर जाईल आणि तुम्ही म्हणाल, उपाय चालला नाही.

याच्या उलटही घडते. अ‍ॅड-ऑनच्या नव्या आवृत्तीला जास्तीची परवानगी लागत असेल, तर तुम्ही होकार देईपर्यंत अपडेट अडकून राहते. मेनूच्या बटणावर छोटी खूण आलेली असते, ती कोणी बघत नाही. ब्राउझर नवा आणि अ‍ॅड-ऑन जुने, अशी जोडी मग कुरकुरते.

काही वेळा बिघाड नसतोच. 2023च्या जानेवारीत आलेल्या 109व्या आवृत्तीपासून अ‍ॅड-ऑनची चिन्हे कोड्याच्या तुकड्यासारख्या एका बटणामागे गेली, आणि "माझी अ‍ॅड-ऑन नाहीशी झाली" अशी बोंब उठली. 67पासून नवे अ‍ॅड-ऑन खासगी खिडकीत आपोआप चालत नाही, तिथली परवानगी वेगळी द्यावी लागते. कोरे प्रोफाइल केले की ती पुन्हा द्यावी लागते. 115पासून काही संकेतस्थळांवर, जे अ‍ॅड-ऑन मोझिलाच्या देखरेखीखाली नाहीत ते सुरक्षेच्या कारणाने रोखले जाऊ शकते. शिवाय मोझिलाच्या अ‍ॅड-ऑन संकेतस्थळावर आणि अबाउटने सुरू होणाऱ्या पानांवर अ‍ॅड-ऑन चालतच नाहीत. अ‍ॅड-ऑन टाकल्या टाकल्या त्याच पानावर ते तपासून "चालत नाही" म्हणणारे भरपूर भेटतात.

"पडताळणी होऊ शकली नाही म्हणून बंद केले" असा संदेश आला तर गोष्ट सहीची, म्हणजे मोझिलाच्या डिजिटल शिक्क्याची आहे. फायरफॉक्सच्या नेहमीच्या आवृत्तीत मोझिलाची सही नसलेले अ‍ॅड-ऑन चालत नाही. सहीची सक्ती सेटिंगमधून काढता येते ती फक्त नाइटली, डेव्हलपर एडिशन आणि ईएसआरमध्ये (दीर्घकाळ आधार मिळणारी, क्वचित बदलणारी आवृत्ती). स्वतः लिहिलेले किंवा मित्राने पाठवलेले अ‍ॅड-ऑन तपासायचे असेल तर अबाउट:डीबगिंगमधून तात्पुरते चढवा. ब्राउझर बंद केला की ते जाते, हे मात्र ध्यानात असू द्या. मोझिलाच्या बाजूनेही हे घडले आहे: 2019च्या मे महिन्यात सहीच्या साखळीतल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरातल्या फायरफॉक्समधली अ‍ॅड-ऑन एकाच वेळी बंद पडली; 66.0.4 आवृत्ती येऊन ते सावरले. 14 मार्च 2025 रोजी मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा 128च्या आधीच्या आवृत्त्यांना (अपवाद 115 ईएसआरच्या 115.13 आणि पुढच्या) फटका बसला. कुणी अजून जुनी आवृत्ती घट्ट धरून बसले असेल आणि अ‍ॅड-ऑन अचानक बंद झाली असतील, तर दुसरे कारण शोधत बसू नका, अपडेट करा.

जुन्या डेस्कटॉपवर एक घरगुती कारणही निघते. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की दर वेळी यंत्र सुरू करताना तारीख कित्येक वर्षे मागे जाते. तारीख चुकली की सुरक्षित जोडणी होत नाही, साइट उघडत नाहीत आणि अ‍ॅड-ऑनची अपडेटही उतरत नाहीत. सेल बदला.

यातले काहीच नसेल तर हेल्प मेनूमधून ट्रबलशूट मोडमध्ये सुरू करा. इथे जवळपास सगळेच एक उडी मारतात: या मोडमध्ये अडचण गेली, म्हणजे अ‍ॅड-ऑनचाच दोष. तसे नाही. हा मोड अ‍ॅड-ऑन तर बंद करतोच, पण त्यासोबत हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (चित्र रंगवण्याचे काम ग्राफिक कार्डावर टाकणारी सोय) बंद करतो, थीम मूळची करतो आणि यूझरक्रोम.सीएसएस ही सजावटीची फाइलही वाचत नाही. पानाच्या जागी काळे चौकोन दिसत असतील तर आधी नेहमीच्या मोडमध्ये सेटिंगच्या परफॉर्मन्स भागात जाऊन हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन काढून बघा. टॅबची पट्टी वेडीवाकडी झाली असेल आणि कधीकाळी तुम्ही यूझरक्रोम.सीएसएस केली असेल, तर ती फाइल बाजूला काढा. 2021मध्ये 89व्या आवृत्तीने बटणे आणि टॅबचे रूप पालटले तेव्हा अशा असंख्य फायली निकामी झाल्या. या फाइलला कोणतीही हमी नसते. दर आवृत्तीला ती दुरुस्त करायची तयारी असेल तरच ठेवा.

दोष अ‍ॅड-ऑनचाच आहे असे ठरले, तर एकेक बंद करत बसू नका. निम्मी बंद करा. अडचण राहिली तर चोर चालू असलेल्या निम्म्यांत, गेली तर बंद केलेल्यांत. 16 अ‍ॅड-ऑन असली तरी 4 फेऱ्यांत एक हाती लागते. अपवाद एकच: दोन अ‍ॅड-ऑनचे आपसात भांडण असेल तर ती दोन वेगवेगळ्या निम्म्यांत पडून दोन्ही फेऱ्या स्वच्छ येतात. जाहिराती रोखणारी दोन-दोन अ‍ॅड-ऑन ठेवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. (एकच ठेवा. दोनांनी दुप्पट जाहिराती रोखल्या जात नाहीत.)

क्रोमियमवर बेतलेल्या (क्रोमसारख्या) ब्राउझरांत यूब्लॉक ओरिजिन बंद झाले असेल तर हा खटाटोप वाया आहे. गूगलने 2024-25मध्ये मॅनिफेस्ट व्ही2 या जुन्या घडणीच्या प्रकारातली अ‍ॅड-ऑन टप्प्याटप्प्याने बंद केली. हा बिघाड नाही, धोरण आहे. यूब्लॉक ओरिजिन लाइट घ्या किंवा फायरफॉक्सवर या.

थंडरबर्ड: इथे पत्रे आहेत

थंडरबर्डमध्ये हीच तपासणी चालते, पण धोका मोठा, कारण प्रोफाइलमध्ये तुमची मेल असते. 2020च्या 78व्या आवृत्तीने जुन्या घडणीची अ‍ॅड-ऑन बंद केली. पत्रे कूटबद्ध करणाऱ्या एनिग्मेलचे काम तेव्हापासून थंडरबर्ड स्वतःच करतो. 2023च्या 115व्या आवृत्तीत, म्हणजे सुपरनोव्हामध्ये, दर्शनी भाग नव्याने बांधला गेला आणि पुन्हा बरीच अ‍ॅड-ऑन गळाली. कारण असे की थंडरबर्डची अनेक अ‍ॅड-ऑन ठरवून दिलेल्या दारांतून न जाता, एक्सपेरिमेंट नावाच्या सवलतीने थेट कार्यक्रमाच्या पोटात हात घालतात. पोटातली रचना बदलली की ती बंद. अशी अ‍ॅड-ऑन कमाल कोणत्या आवृत्तीपर्यंत चालतील ते त्यांच्यातच लिहिलेले असते. त्यावर तुमच्या बाजूने इलाज नाही. लेखकाने नवी आवृत्ती काढेपर्यंत ईएसआरवर राहा. दर महिन्याला येणाऱ्या आवृत्तीची हौस ज्याला आहे, त्याने आपल्या अ‍ॅड-ऑनच्या पानावर आधी डोकावावे.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. चाचणीच्या प्रोफाइलमध्ये पीओपी3 (पत्रे सर्व्हरवरून उतरवून घेणारे) खाते जोडू नका. "पत्रे सर्व्हरवर राहू द्या" हा पर्याय बंद असेल तर तुमची पत्रे सर्व्हरवरून उतरून त्या चाचणीच्या प्रोफाइलमध्ये जाऊन बसतील, आणि चाचणी संपल्यावर तुम्ही ते प्रोफाइल पुसून टाकाल. आयमॅप (पत्रे सर्व्हरवरच ठेवणारे) खाते जोडा. तेही शक्यतो बिनमहत्त्वाचे.

लिब्रेऑफिसचा '4' नावाचा फोल्डर

लिब्रेऑफिसचे प्रोफाइल 4 नावाच्या फोल्डरात असते. हे नाव 2013च्या 4.0 आवृत्तीपासून चालत आले आहे. पुढे 5, 6, 7 झाल्या, 2024पासून वर्ष-महिना पद्धतीने 24.2, 24.8 असे क्रमांक सुरू झाले, तरी फोल्डर 4च. वर्षानुवर्षे तुम्ही तेच प्रोफाइल ओढत आणले आहे. त्यात पूर्वी कधीतरी टाकलेली विस्तारके, अर्धवट काढलेले टूलबार आणि विसरलेल्या सेटिंग साचलेल्या असतात. नवी आवृत्ती टाकल्यावर गडबड झाली तर हेल्पमधून सेफ मोड घ्या. बरे वाटले, तर हा 4 नावाचा फोल्डर लिब्रेऑफिस बंद करून दुसऱ्या नावाने ठेवा, पुसू नका. लिब्रेऑफिस नवा फोल्डर करील. तुमच्या स्वयंदुरुस्तीच्या याद्या आणि टेम्प्लेट जुन्यातून उचलता येतील.

चाचणीपुरते पाहायचे तर अल्फा आणि बीटा लिब्रेऑफिसडेव्ह या नावाने वेगळ्या बसतात आणि प्रोफाइलही वेगळे ठेवतात. पण आरसी, म्हणजे रिलीज कँडिडेट, विंडोजवर तुमच्या चालू आवृत्तीच्या जागी बसते. नाव ऐकून बीटापेक्षा आरसी निरुपद्रवी वाटते. तुमच्या रोजच्या कामाच्या दृष्टीने ती जास्त जोखमीची आहे.

मराठीत काम करणाऱ्यांना कोऱ्या प्रोफाइलवर एक भास हमखास होतो. ल आणि श हिंदी वळणाचे दिसू लागतात, आणि लोक म्हणतात नव्या आवृत्तीने देवनागरी बिघडवली. ज्या फॉन्टमध्ये मराठीची वेगळी वळणे आहेत, तो ती वळणे मजकुराची भाषा मराठी लावलेली असेल तरच दाखवतो. कोऱ्या प्रोफाइलमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्टची (देवनागरीसारख्या लिपींतल्या मजकुराची) भाषा पुन्हा निवडावी लागते. टूल्स, ऑप्शन्स, मग भाषांच्या सेटिंग, तिथे मराठी लावा. खरोखर मांडणी बदलली होती ती 2017च्या 5.3मध्ये, जेव्हा सगळ्या प्रणालींवर हार्फबझ हे एकच मांडणीयंत्र आले. आवृत्ती तपासताना स्वतःचा एक मराठी दस्तऐवज उघडा, ज्यात 'दुसऱ्या', 'वाङ्मय', 'ज्ञानेश्वर' असे शब्द असतील. इंग्रजी मजकुरावर केलेली चाचणी आपल्या कामाची नाही.

विंडोजवर अक्षरे फुटकी किंवा खिडकी काळी दिसत असेल तर ऑप्शन्समधल्या व्ह्यू भागात स्किया (पडद्यावर अक्षरे-चित्रे रेखाटणारा भाग) सॉफ्टवेअर रेंडरिंगवर टाका. 2020च्या 7.0पासून स्किया आले आणि काही ग्राफिक ड्रायव्हरांशी त्याचे पटत नाही.

कळवायचे आणि आवरायचे

कोऱ्या प्रोफाइलमध्येही अडचण येत असेल, तेव्हाच ती आवृत्तीचा दोष म्हणून कळवा. कळवताना ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनचे पान जोडा आणि "कोऱ्या प्रोफाइलवर घडते" हे पहिल्याच ओळीत लिहा. उत्साह असेल तर मोझरिग्रेशन नावाचे साधन आहे. ते नाइटलीच्या जुन्या-नव्या प्रती स्वतः उतरवून देते. तुम्ही फक्त "चांगली" की "वाईट" सांगत जायचे, आणि कोणत्या दिवसाच्या बदलाने बिघडले ते ते शोधून काढते. डेव्हलपरला लांबलचक वर्णनापेक्षा ती एक तारीख हवी असते.

चाचणी झाल्यावर प्रोफाइल काढताना अबाउट:प्रोफाइल्समध्ये आधी डिफॉल्ट कोणते ते बघा. नवे प्रोफाइल केले की तो मान कधीकधी त्याच्याकडे गेलेला असतो. रोजचे प्रोफाइल डिफॉल्ट करा, मग चाचणीचे काढा. रिमूव्ह दाबल्यावर फायली पुसायच्या का असे विचारले जाते. होय म्हणण्याआधी त्या प्रोफाइलचा फोल्डर उघडून बघा. तयार करताना त्याची जागा तुम्ही स्वतः निवडली असेल, समजा डॉक्युमेंट्स, तर तिथले प्रोफाइलशी संबंध नसलेले सगळेही त्याबरोबर पुसले जाते.